चौल-रेवदंड्याला मुक्काम कशासाठी?

कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेल्या चौल, रेवदंडा आणि कोर्लई या तीन गावांबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही शंकांना इथे उत्तरं देतो आहे. एकाच तऱ्हेचे प्रश्न एकत्र केले आहेत.

शंका : आम्ही दोघंही निवृत्त आहोत. सुट्टीला बाहेर पडलं की रांगा, पार्किंग आणि स्पीकरचा गोंगाट, म्हणून हल्ली घरीच बसतो. अलिबागच्या पुढे अर्ध्या तासावर शांतता आहे असं तुम्ही लिहिता. शनिवारी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. मग तिथे का राहायचं? – एक दाम्पत्य, कऱ्हाड

समाधान : रांग तुम्ही पाहिलीत ती खरीच, पण ती रेवदंड्याला येणाऱ्यांची नव्हती. काशीद आणि मुरूडला निघालेली मंडळी रेवदंड्याच्या तटातून आत शिरतात, साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडतात आणि पुढे जातात. काशीदची वाळू पांढरट, फोटोला छान दिसणारी. रेवदंड्याची काळसर. एवढ्या एका कारणाने हा टापू गर्दीतून सुटला आहे, आणि माझ्या मते हे त्याचं भाग्य आहे.

तुम्ही निवृत्त आहात म्हणजे शनिवार-रविवारला बांधलेले नाही. सोमवारी दुपारी पोहोचा, बुधवारी किंवा गुरुवारी निघा. या दिवसांत दुपारी एक ते चार गाव आपापल्या घरात असतं आणि रस्त्यावर एसटीखेरीज फारसं काही नसतं.

पण नुसती शांतता हे मुक्कामाचं कारण होऊ शकत नाही. माळरानावरही शांतता असते. इथे मुक्काम करायचा तो यासाठी, की इथला इतिहास कुंपण घालून, तिकीट लावून वेगळा ठेवलेला नाही. रेवदंड्याचा किल्ला म्हणजे तटाच्या आत वसलेलं गाव. तुम्ही एखाद्या वाडीत नारळपाणी प्यायला थांबता, आणि पोफळींच्या पलीकडे दिसणारी काळपट भिंत ही पोर्तुगीज चर्चची असते. सातखणी मनोरा म्हणून जो दाखवतात तो फ्रान्सिस्कन चर्चचा. त्याचे वरचे मजले ढासळलेत, तरी नारळाच्या शेंड्यांच्या वर डोकं काढून तो अजून उभा आहे. सेंट झेवियरच्या नावाचं छोटं देवघर, डॉमिनिकनांच्या चर्चचे अवशेष, समुद्राकडचा दरवाजा, हे सगळं वाड्यांमधून चालत चालत पाहायचं. चढ नाही, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी वाट कोणाच्या तरी अंगणातून जाते. हाक मारून, विचारून आत जावं. लोक नाही म्हणत नाहीत.

सकाळी वाडीत जरूर उभं राहा. नारळ-पोफळींना पाटाने पाणी सोडलेलं असतं, ते एका आळ्यातून दुसऱ्यात उतरताना माती काळी होत जाते. पूर्वी विहिरींवर रहाट असत, आता पंप आलेत. पोफळींवर नागवेल किंवा मिरवेल चढवलेली दिसेल. अंगणात सोललेली किंवा सालीसकट सुपारी वाळत घातलेली असते आणि तिच्या आंबूस वासाने सगळी आळी भरलेली असते. थळ, किहीम, सासवणे, आवास, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या आठ आगरांना मिळून अष्टागर म्हणतात. त्याची खरी ओळख या वाड्यांत होते. किनाऱ्यावर ती होत नाही.

शंका : मी शाळेत इतिहास शिकवतो. चौल हे दोन हजार वर्षांचं बंदर होतं असं वाचलं. मुलांना घेऊन गेलो तर दाखवायला काय आहे? आणि एवढं मोठं बंदर बुडालं कसं? – एक शिक्षक, जळगाव

समाधान : आधी बुडण्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की काय पाहायचं ते आपोआप कळतं.

घाटावरचा माल उतरायला सोयीची वाट आणि जहाजं आत घ्यायला सुरक्षित खाडी, या दोन गोष्टींवर चौल उभं होतं. टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत या बंदराचं नाव येतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत ‘चेमुला’च्या रहिवाशांचा उल्लेख आहे. इ.स. 916च्या सुमारास अल-मसुदी हा अरब प्रवासी इथे आला. तो याला सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहत होते अशी त्याने नोंद केली आहे. पुढे 1469च्या आसपास रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून घोडा घेऊन इथेच उतरला. भारतात घोड्याला चांगला भाव येतो असं त्याने ऐकलं होतं. तो घोडा जुन्नरला तिथल्या सरदाराने काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन असं बजावलं. अखेर एका खुरासानी मध्यस्थाच्या रदबदलीने घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. वास्को द गामा कालिकतला पोहोचायच्या आधीची ही गोष्ट आहे. निकितिनचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. तुमची मुलं शाळकरी आहेत, त्यांना तिथून सुरुवात करून द्या.

मग पोर्तुगीज आले. मार्च 1508मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून चौलच्या पाण्यात पोर्तुगीजांना गाठलं. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने 1521पासून रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी उभी राहू लागली. तेव्हापासून दोन चौल झाली. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचं, आणि आत निजामशाहीतलं जुनं चौल. 1570-71मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तो फसला. 1594मध्ये निजामशाहीने समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, तर पोर्तुगीजांनी तोही त्याच वर्षी जिंकला. 1739ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि 1740च्या तहाने चौल मराठ्यांकडे आलं.

पण तोवर बंदराचा जीव गेलेला होता. खाडीत गाळ साचत होता, मोठी जहाजं आत येईनात. सुरत वाढली, मग मुंबई वाढली. चौलच्या रेशमी कापडाला लांबून गिऱ्हाईक येत असे, ते कारागीर आणि व्यापारी मुंबईची वाट धरू लागले. तोफांनी पाडलेलं शहर पुन्हा उभं राहू शकतं, पण ज्याची खाडी उथळ झाली त्या बंदराला इलाज नसतो. म्हणून मुलांना आधी साळावच्या पुलावर ओहोटीच्या वेळी उभं करा. पाण्यात उघडे पडलेले गाळाचे पट्टे दाखवा. मग चौलमध्ये जा. तिथली हमामखान्याची पडकी वास्तू आणि हिंगळाजच्या डोंगरातली लेणी पाहा. रामेश्वराचं देऊळ आणि पुढची पुष्करिणी पाहा. या देवळात पर्जन्यकुंड आहे. पाऊस लांबला, दुष्काळाची चाहूल लागली की ते उघडायची जुनी प्रथा आहे.

जाता-येता अक्षीला थांबायला विसरू नका. तिथला शिलालेख शं. गो. तुळपुळे यांनी शके 934, म्हणजे इ.स. 1012चा, असा वाचला. त्या वाचनाप्रमाणे मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत तो बसतो. काळावर मतभेद आहेत, तेही मुलांना सांगा. दगडावर कोरलेलं असलं तरी वाचणाऱ्यांत वाद होऊ शकतो, हे त्यांना या वयात कळलेलं बरं. आणि लेखावर हात फिरवू देऊ नका, खडूही लावू देऊ नका.

शंका : कोर्लईत अजून पोर्तुगीज बोलतात म्हणे. गावात जाऊन ऐकता येईल का? व्हिडिओ करायचा आहे. – एक तरुण वाचक, पुणे

समाधान : ते आजचं पोर्तुगीज नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात किल्ल्यावरचे पोर्तुगीज आणि गावातले ख्रिस्ती झालेले लोक यांच्या सहवासातून तयार झालेली ती मिश्र बोली आहे. शब्द बरेचसे पोर्तुगीज, आणि वाक्याच्या ठेवणीवर मराठीचा दाट परिणाम. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. 1740ला पोर्तुगीज गेले, वर पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, गावाच्या चारी बाजूंना मराठी, आणि तरी माऊंट कार्मेल मातेच्या चर्चभोवतीच्या काही शे माणसांच्या घरात ती टिकली आहे. भाषाशास्त्रज्ञांनी तिचा नीट अभ्यास केला आहे.

आता तुमच्या व्हिडिओबद्दल. ती माणसं सकाळी मासळीच्या, शेताच्या, नोकरीच्या घाईत असतात. कॅमेरा रोखून ‘काहीतरी बोलून दाखवा’ असं कोणी तुमच्या आजीला तिच्या ओट्यावर सांगितलं तर तुम्हाला कसं वाटेल? गावात जा, मराठीत बोला, चहा घ्या, मासे विकत घ्या. रविवारच्या मिस्सानंतर चर्चबाहेर लोक थांबलेले असतात, तेव्हा कानावर पडेल ते ऐका. ओळख झाली आणि त्यांनी स्वतः होकार दिला, तरच रेकॉर्डिंग.

शंका : आम्ही अश्दोदला राहतो. आमच्या आडनावात रायगड जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आहे. आजी मराठी बोलायची, मला वाचता येतं. मुलांना घेऊन यावं असं फार मनात आहे. आता तिथे आमचं काही उरलं आहे का? – एक वाचक, इस्रायल

समाधान : उरलं आहे. जरूर या.

चेऊलकर, किहीमकर, नवगावकर अशी बेने इस्रायली आडनावं ज्या गावांवरून पडली, ती सगळी गावं अर्ध्या-पाऊण दिवसात फिरून होतात. अलिबागजवळच्या नवगावला या. तुमच्या समाजाच्या परंपरेप्रमाणे जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया तिथल्या किनाऱ्याला लागल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. तिथे स्मारक आहे. खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या रथाची खूण म्हणून मानला जाणारा खडक आहे. आजही लोक तिथे मलिदा करायला येतात. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचं ताट मुलांना तिथे बसून खाऊ द्या, म्हणजे आजीच्या घरातल्या ताटाचा पत्ता त्यांना लागेल.

अलिबागला इस्रायल आळी आणि मागेन आबोथ सिनेगॉग आहे, रेवदंड्याला बेथ एल. ही प्रार्थनास्थळं नेहमी उघडी असतीलच असं नाही, कारण आता घरं थोडी राहिली आहेत. मुंबई-ठाण्याच्या तुमच्या समाजाच्या मंडळींकडून आधी निरोप धाडा. गावात जुन्या माणसांना ‘शनिवार तेली’ म्हणून विचारलंत तर ओळख पटेल. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते नाव पडलं. एकाच खाडीच्या आसपास रामेश्वर, जुन्या मशिदी, चर्च आणि सिनेगॉग नांदले, हे पाहायला मी माणसांना आवर्जून पाठवतो. बंदराला सगळ्यांची गरज होती, म्हणून सगळ्यांना तिथे जागा मिळाली.

शंका : भरती-ओहोटीची वेळ मोबाइलशिवाय कशी काढायची? – एक गृहिणी, डोंबिवली

समाधान : तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि रात्री पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराच्या पाऊणपटीने सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल तर एवढ्यावर विसंबू नका. तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारा, आणि परत फिरायची वेळ आत शिरण्याआधी ठरवा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमी-नवमीला भांग, तेव्हा चढउतार कमी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेवदंड्याला खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी एकाच चिंचोळ्या वाटेने समुद्राकडे ओढ घेतं. वरून पाणी संथ दिसतं आणि पट्टीचा पोहणाराही त्यात आत जातो. पाय भिजवायचेत तर मुखापासून दूर उत्तरेकडे जा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

शंका : खायला काय? मासे खात नाही, कोंबडी-अंडी चालतात. – एक वाचक, कोल्हापूर

समाधान : मग पौष-माघात जा आणि पोपटी खा. वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, कांदे-बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चुरचुरून लगेच उडालं की झालं. भांबुर्डीचा उग्र वास शेंगांत उतरतो, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. हॉटेलात मागवू नका. उतराल त्या घरी एक दिवस आधी सांगा, शेजारपाजारची माणसं मिळून लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन या. आणि शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आहेच.

शंका : तुम्ही लिहिता, लोक येतात आणि आमच्या वाडीच्या गडग्यावर बाटल्या टाकून जातात. तटावर नावं कोरतात. आम्ही शांत आहोत ते तुम्हाला बघवत नाही का? – एक वाडीवाले, रेवदंडा

समाधान : तुमचा राग रास्त आहे. हे पत्र मी मुद्दाम काटछाट न करता छापतो आहे.

तरीही मी लिहितो, याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि एका दुपारीत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी हातात सुपारी यायला वर्षं जातात. त्या वर्षांत घर कशावर चालायचं? ज्यांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या, त्यांना वाडी विकावी लागली नाही. जे विकतात त्यांच्या जागी भिंत बांधून बंगला उभा राहतो, विहीर आत जाते आणि पाट तुटतो. बाटल्या टाकणारा पाहुणा मलाही नको आहे. तो येतो सकाळी आणि जातो संध्याकाळी. दोन रात्री राहणारा, तुमच्या घरी जेवणारा, तुमची सुपारी आणि खोबरेल विकत घेणारा पाहुणा मी धाडू पाहतो. म्हणून या उत्तरात दिवसभराच्या सहलीला या असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

तटावर कोरणाऱ्यांना अडवायला मात्र पाहुण्यांच्या सद्बुद्धीवर राहून चालणार नाही. किल्ल्याच्या दारांवर सुट्टीच्या दिवशी माणूस उभा हवा. ग्रामसभेत तुम्ही हा ठराव आणलात तर या सदराची जागा त्यासाठी देतो.

शंका : आम्ही चार मैत्रिणी. गाडी नाही. कसं जायचं, आणि दोन दिवसांत काय करायचं? – कांदिवलीहून

समाधान : गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा. बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो हवामान पाहून चालते, नाहीतर पनवेलमार्गे एसटी. अलिबागला मुरूडकडे जाणारी एसटी घ्या आणि चौल किंवा रेवदंड्याला उतरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजी मासळी हवी असेल तर ते दोन महिने टाळा. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावर पाच दिवसांची जत्रा असते. गर्दी असते, पण ती गावची गर्दी असते आणि तिच्यात वेगळी मजा आहे.

पहिल्या दुपारी रेवदंड्याचा किल्ला आणि वाड्या. दुसऱ्या सकाळी चौलची देवळं सायकलने किंवा रिक्षाने करा. दुपारी आराम करा आणि साडेतीनला कोर्लईकडे निघा. गडाची वाट दीपगृहाच्या बाजूने चढते, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वर गेल्यावर तिन्ही बाजूंनी पाणी. उत्तरेला खाडीचं मुख आणि त्यापलीकडे रेवदंड्याची माडांची रांग. समोरासमोरचे हे दोन किल्ले ज्याच्या हातात, त्याला विचारल्याशिवाय जहाज आत येऊ शकत नव्हतं, हे तिथे उभं राहिल्यावर न सांगता समजतं. दरवाज्यांवरची पोर्तुगीज चिन्हं, माथ्यावरचं पडकं चर्च आणि पाण्याचं टाकं पाहा. पायात बूट हवेत, पावसाळ्यानंतर गवत गुडघाभर असतं. पिण्याचं पाणी खालून न्या, आणि उजेड असेतो खाली उतरा. रेवदंड्याकडे परतणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. ती चुकली तर रिक्षा गावातून बोलवावी लागते, म्हणून उतराल त्या घरचा फोन नंबर जवळ असू द्या.